उतारवयांत कवि झालेले फादर स्टीफन्स

(ज्युबिली-सप्ताहांत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या सप्ताहांत आम्हीं एखाद्या विद्वान् पुरुषाच्या चरित्रावर चार शब्द बोलावेत असें उत्सव-मंडळानें सुचविलें, तेव्हां आम्हांस प्रथम फादर थॉमस स्टीफन्स यांचेंच नांव आठवलें. यांत नवल तें काय? त्यांच्या 'ख्रिस्तपुराणां'तील मराठी भाषेच्या थोरवीच्या ओव्या आपणांपैकीं पुष्कळांस शाळेपासून मुखोद्गत आहेत. त्या येथें पुन्हां म्हणून दाखविण्याचा आमचा विचार नाहीं. उलट, त्या ओव्यांनीं आपल्या कर्त्यावर एक प्रकारें अन्यायच केला आहे असें आमचें मत आहे. सुमारें 11,000 ओव्यांच्या ग्रंथांतून लोक चार-पांच ओव्या जाणतात. परंतु त्या रचणारा मनुष्य कोण होता, रचना हातीं घेण्यापूर्वीं इतकीं वर्षें तो काय करीत होता, आणि त्यानें ती कोणाच्या सांगण्यावरून केली, हें कोणी विचारीत नाहीं. आज आम्ही तेंच सांगणार आहों.

हा ग्रंथ सासष्टींतील राशोल येथें, म्हणजे जुन्या रायतुरास, 1616 सालीं छापून निघाला. त्या वेळीं फादर स्टीफन्स यांचें वय 67 च्या सुमारास होतें. त्यानंतर तीनच वर्षांनीं, 1619 सालीं, ते गोव्यांत प्रभूच्या घरीं गेले. ज्या वयांत मनुष्य जपमाळ हातीं घेऊन ओटीवर बसतो, त्या वयांत हा गृहस्थ कवि म्हणून लोकांपुढें आला.

त्यांचा जन्म 1549 च्या सुमारास इंग्लंडांत, विल्टशर परगण्यांतील बुश्टन या खेड्यांत झाला. वडील व्यापारी होते. तो काळ तेथील कॅथलिकांस मोठा कठीण होता. एलिझाबेथ राणीच्या राज्यांत मिस्सा करणें हा गुन्हा ठरला होता. टॉमस पाउंड नांवाचे एक श्रीमंत गृहस्थ, जे एके काळीं राणीच्या दरबारांत मानानें वावरलेले होते, ते जुन्या धर्माला घट्ट धरून राहिले. आणि तरुण स्टीफन्स त्यांचा नोकर म्हणून वेष पालटून त्यांच्याबरोबर हिंडत असत. दोघांनीं रोमला जाऊन येशूसंघांत प्रवेश करावा असें ठरविलें. निघण्यापूर्वींच पाउंड पकडले गेले, व पुढें त्यांच्या आयुष्याचीं जवळजवळ 30 वर्षें निरनिराळ्या तुरुंगांत गेलीं. स्टीफन्स एकटेच रोमला पोहोंचले आणि 1575 च्या ऑक्टोबरांत संघांत दाखल झाले. परंतु मित्राला ते विसरले नाहींत. पाउंड यांसही संघांत घ्यावें म्हणून त्यांनीं वरिष्ठांस विनंती केली, ती मान्य झाली, आणि पाउंड तुरुंगांत असतांनाच येशूसंघाचे झाले. मैत्री म्हणतात ती ही.

1579 च्या 4 एप्रिलला लिस्बनहून पांच जहाजें हिंदुस्थानास निघालीं. त्यांतून फादर स्टीफन्स 24 ऑक्टोबरला गोव्यास उतरले. सतरा दिवसांतच, 10 नोव्हेंबरला, त्यांनीं वडिलांस एक लांबलचक पत्र लिहिलें. तें पुढें हॅक्लूटच्या प्रसिद्ध प्रवाससंग्रहांत छापलें गेलें व आजही वाचावयास मिळतें. या पत्रांत धर्मोपदेश फार थोडा आहे. वारा कोठें पडतो, कोणते पक्षी दिसले म्हणजे जमीन जवळ आली असें खलाशी समजतात, पूर्व-पश्चिम जातांना आकाशांत धरून चालावयास एकही स्थिर खूण नसल्यामुळें नावाड्यांस किती अडचण पडते, हें सर्व त्यांनीं बारकाईनें लिहिलें आहे. हिरड्या सुजून माणसें कशीं झिजतात तें सांगून त्यांच्या जहाजावर 150 हून अधिक लोक आजारी पडले व 27 मेले, असा आंकडाही दिला आहे. शेवटीं माडाची माडीसुद्धां त्यांच्या नजरेंतून सुटलेली नाहीं. (श्रोत्यांत कांहीं मंडळी हंसत आहेत, परंतु पत्रांत तसें आहे खरें.) हें पत्र एका पाहणाऱ्या, मोजणाऱ्या, पडताळून घेणाऱ्या विद्वानाचें आहे. त्यांत कवीची चाहूल कोठेंही नाहीं.

चार वर्षांनीं, म्हणजे 1583 च्या ऑक्टोबरांत, पॅरिसमध्यें असलेला भाऊ रिचर्ड यास त्यांनीं दुसरें पत्र लॅटिनमध्यें लिहिलें. त्याच वर्षाच्या जुलैंत सासष्टींतील कुंकळ्ळी येथें फादर रोदोल्फ अक्वाविवा व त्यांचे चार सोबती मारले गेले होते, आणि त्या प्रसंगाची हकीकत या पत्रांत आहे. परंतु त्याच कागदावर भाषेविषयींचीही वाक्यें आहेत, आणि आम्हांस तीं फार मोलाचीं वाटतात. या देशांत भाषा पुष्कळ आहेत, त्यांचा उच्चार गोड आहे, त्यांची घडण लॅटिन व ग्रीक यांच्यासारखी आहे, आणि त्यांचे वाक्प्रयोग आश्चर्य करण्याजोगे आहेत, असें ते भावास कळवितात. संस्कृत आणि युरोपांतील जुन्या भाषा यांचें नातें दाखविणारें सर विल्यम जोन्स यांचें प्रसिद्ध भाषण कलकत्त्यास 1786 सालीं झालें. त्याच्या 200 वर्षें आधीं सासष्टीच्या भातशेतांतून हिंडणाऱ्या एका पाद्र्याला त्या साम्याची जाणीव झाली होती! आणि ज्या गांवच्या लोकांनीं आपल्या सोबत्यांस मारलें, त्याच प्रांताच्या बोलीची स्तुति त्यानें त्या दुःखाच्या पत्रांत केली, हें आपण ध्यानांत घ्यावें.

त्याच सालीं आणखी एक गोष्ट घडली. राल्फ फिच, जॉन न्यूबेरी वगैरे इंग्रज व्यापारी हेर असल्याच्या संशयावरून होर्मुझ येथें पकडले जाऊन गोव्याच्या तुरुंगांत आणले गेले. ज्या इंग्लंडांत कॅथलिकांचा छळ होत होता तेथील हे लोक. परंतु फादर स्टीफन्स यांनीं खटपट करून त्यांस जामिनावर सोडविण्यास मदत केली. एवढें सांगून आम्ही पुढें जातों.

यानंतर फादर स्टीफन्स यांनीं काय केलें? वर्षानुवर्षें ते सासष्टीच्या गांवांतून राहिले. कांहीं काळ तेथील कॉलेजचे रेक्टर होते. बाकीचा काळ सामान्य धर्मगुरूचें काम, म्हणजे मिस्सा, प्रायश्चित्त, आजाऱ्यांच्या भेटी, मुलांस ज्ञानोपदेश. आणि या सर्वांच्या फटींतून भाषेचा अभ्यास. लोकांच्या बोलीचें, म्हणजे कोंकणीचें, त्यांनीं व्याकरण रचलें. हें काम किती कष्टाचें, याची कल्पना सेमिनरींत लॅटिनच्या विभक्ति घोकलेल्या आम्हां लोकांस चांगली आहे; आणि आमच्यापुढें निदान छापील पुस्तक होतें! त्यांना पुढें कांहीं नव्हतें. बोलणाऱ्याच्या तोंडाकडे पाहावें, शब्द टिपावा, त्याचें लिंग विचारावें, दुसऱ्या गांवीं तोच शब्द निराळा ऐकूं आला तर पहिलें टिपण खोडावें, असें तें काम. त्याच बोलींत त्यांनीं प्रश्नोत्तररूपानें ज्ञानोपदेशाचें पुस्तकही लिहिलें. दोहोंपैकीं एकही त्यांच्या हयातींत छापलें गेलें नाहीं. ज्ञानोपदेश 1622 सालीं निघाला, आणि व्याकरण फादर दियोगु रिबैरो यांनीं वाढविल्यावर 1640 सालीं. आपल्या देशांतील भाषांच्या पहिल्यावहिल्या छापील व्याकरणांत त्याची गणना होते.

कोंकणी ही घरांतली व बाजारांतली बोली. परंतु सासष्टींत पुराण सांगावयाचें, ओवी रचावयाची तर ती मराठींत, अशी रीत होती. सासष्टींतल्याच केळशी गांवच्या कृष्णदास शामा यांनीं 1526 सालीं 'श्रीकृष्णचरित्रकथा' मराठी ओव्यांत रचिली होती. म्हणजे फादर स्टीफन्स यांना एक नव्हे, दोन भाषा शिकाव्या लागल्या: एक लोकांशीं बोलण्यासाठीं, आणि दुसरी लोक जिच्यांत देवाविषयीं ऐकत त्यासाठीं. ही दुसरी भाषा नुसत्या संभाषणानें येत नाहीं. ती जुने ग्रंथ वाचूनच यावी लागते. आणि ज्याला त्या ग्रंथांची लय कानांत मुरवून घ्यावयाची आहे, त्याच्या आयुष्याचीं बरींच वर्षें तींत खर्ची पडतात. पोर्तुगालमधील ब्रागा येथील ग्रंथालयांत रामायण-महाभारताच्या कथा रोमन लिपींत उतरून घेतलेलीं हस्तलिखितें आहेत. गोव्यांतील मिशनरी हे ग्रंथ कसे वाचीत असत, याचा तो पुरावा आहे.

बंधुभगिनींनो, आतां एक अवघड गोष्ट सांगितली पाहिजे, आणि ज्युबिलीच्या आनंदांतही ती झांकून ठेवणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. सासष्टींतील देवळें 1567 सालीं पाडलीं गेलीं. जुनीं पुराणें वाचण्यास नव्या ख्रिस्ती लोकांस मनाई झाली. ज्या लोकांच्या संध्याकाळी ओव्या ऐकण्यांत जात, त्या लोकांच्या संध्याकाळी मुक्या झाल्या. हें आपल्याच धर्माच्या अधिकाऱ्यांनीं राजसत्तेच्या जोरावर केलें. त्या काळचे लोक निराळ्या विचाराचे होते असें म्हणून आम्ही मोकळे होऊं शकत नाहीं. कारण ज्यांचें गेलें, तेही त्याच काळचे होते, आणि त्यांना तें लागलें.

त्यांना लागलें, हें आम्ही कशावरून म्हणतों? ख्रिस्तपुराणाच्या आरंभावरूनच. तेथें एक ब्राह्मण ख्रिस्ती पाद्र्यापुढें येऊन विचारतो, कीं तुम्हीं आमचीं जुनीं पुराणें बंद केलींत, तर त्यांच्या जागीं आम्हांस वाचावयास दुसरें पुराण कां देत नाहीं? ज्ञानोपदेशाचें पुस्तक आहे, पण त्यानें मनुष्याचा वेळ आणि मन भरत नाहीं. ही तक्रार कवीनें दडवून ठेविली नाहीं. ती आपल्या ग्रंथाच्या दाराशींच मांडली. या ग्रंथाचा जन्म एका ऋणांतून झाला आहे असें आम्ही समजतों. घेतलें होतें, तें परत देतां येत नव्हतें; निदान रिकाम्या जागीं कांहीं तरी ठेवावयास पाहिजे होतें. आणि जें ठेवावयाचें, तें घेतलेल्याच्या तोलाचें असावयास पाहिजे होतें. ओबडधोबड चार पदें करून तें ऋण फिटणारें नव्हतें.

याच कारणानें आम्हांस त्यांचा 'उशीर' हा उशीर वाटत नाहीं. पस्तिशींत त्यांनीं ओव्या केल्या असत्या तर त्या परदेशी माणसाच्या ओव्या झाल्या असत्या. लोकांनीं सौजन्यानें ऐकल्या असत्या व घरीं जाऊन विसरल्या असत्या. सेमिनरींतून बाहेर पडून दोन वर्षें झालीं नाहींत तोंच भजनसंग्रह छापणारे धर्मगुरु आम्हांस ठाऊक आहेत. त्यांचीं नांवें आम्ही सांगत नाहीं. ते येथें बसलेले असण्याचा संभव आहे.

ग्रंथ तयार करण्याइतकीच चिंता त्यांना तो छापण्याची होती. 1608 च्या डिसेंबरांत त्यांनीं रोमला येशूसंघाच्या मुख्याधिकाऱ्यांस, फादर क्लॉडियो अक्वाविवा यांस, पत्र लिहिलें. (कुंकळ्ळीस मारले गेलेले फादर रोदोल्फ हे यांचेच पुतणे.) मलबारांत जशीं तेथील लिपींत पुस्तकें छापलीं गेलीं, तशीं या भाषेचीं पुस्तकें या भाषेच्याच अक्षरांत छापलेलीं पाहावीं, अशी आपली पुष्कळ वर्षांची इच्छा आहे, असें त्यांनीं कळविलें. दोन अडचणी होत्या. युरोपांत 24 अक्षरांत काम भागतें. येथें प्रत्येक अक्षर म्हणजे व्यंजन आणि स्वर यांचा जोड, तेव्हां सांचे 600 पर्यंत पाडावे लागणार. आणि दुसरी अडचण अशी, कीं प्रांताधिकाऱ्यांच्या हुकुमावांचून व मेहेरबानीवांचून हें व्हावयाचें नव्हतें. साठीच्या घरांतला म्हातारा पाद्री खिळ्यांसाठीं रोमपर्यंत अर्ज करतो, हें चित्र आमच्या डोळ्यांपुढून हालत नाहीं. खिळे कांहीं मिळाले नाहींत. ग्रंथ रोमन अक्षरांतच छापावा लागला. 'ण' दाखवावयाचा तर रोमन 'न' दोनदां लिहावयाचा, असे उपाय करून त्यांनीं मराठीचे उच्चार त्या परक्या पोशाखांत सांभाळले.

आतां ग्रंथाविषयीं थोडें. त्याचे दोन भाग आहेत. 'पहिलें पुराण' म्हणजे जुन्या कराराची कथा, 36 अध्यायांची; अध्यायास त्यांनीं 'अवस्वरू' म्हटलें आहे. 'दुसरें पुराण' म्हणजे प्रभु येशूचें चरित्र, 59 अवस्वरूंचें. छंद ओवीचा. श्रोता मधूनमधून शंका विचारतो आणि पाद्री उत्तर देतो, ही पद्धति पुराणिकाचीच. स्वर्गास त्यांनीं बेधडक 'वैकुंठ' म्हटलें. आणि पवित्र आत्म्यासाठीं मात्र 'स्पिरितु सांतु' हा चर्चचा शब्द ठेविला. कोठें जुना शब्द चालेल आणि कोठें चालणार नाहीं, याचा निर्णय शब्दाशब्दाला करावा लागतो. तो व्याकरणकाराशिवाय दुसऱ्याच्या हातून इतक्या सावधपणें झाला नसता. प्रस्तावनेंत ते स्पष्ट सांगतात, कीं या विषयास मराठी भाषा सर्वांत योग्य म्हणून ती घेतली, परंतु शुद्ध मराठी सामान्य लोकांस कळणार नाहीं म्हणून ब्राह्मणांच्या बोलींतले सोपे शब्द तींत मिसळले. पंडितांनीं पुढें या मिसळीस नांवें ठेविलीं. आम्हांस मात्र तींत पंडिताचा सर्वांत मोठा त्याग दिसतो. शुद्ध लिहितां येत असून तो समजेल असें लिहितो. त्याच्या डोळ्यांपुढें परीक्षक नव्हते. रविवारीं चर्चच्या फरशीवर मांडी घालून बसणारे शेतकरी होते.

ग्रंथ लोकांनीं उचलला. 1649 व 1654 सालीं तो पुन्हां छापावा लागला. चर्चमध्यें त्याचें वाचन होऊं लागलें. आणि मग 1684 च्या जूनमध्यें व्हाइसरॉय कोंदे द आल्व्होर यांनीं फर्मान काढलें, कीं लोकांनीं आपली बोली सोडावी व तीन वर्षांत पोर्तुगीज शिकावी. एका परदेशी माणसानें जी भाषा शिकण्यांत आयुष्य घालविलें, ती तिच्या स्वतःच्या लेंकरांनीं तीन वर्षांत टाकावी! असल्या फर्मानांनीं भाषा मरत नाहींत हें खरें. पण पुस्तकें मरतात. त्या तीनही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाहीं. ग्रंथ जगला तो घराघरांतल्या हस्तलिखितांनीं. कारवार-मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनीं तो बरोबर नेला. आणि 1784 सालीं टिपू सुलतानानें मंगळूरच्या ख्रिस्ती लोकांस धरून श्रीरंगपट्टणास नेलें, तेव्हां त्या बंदिवासांतही या ओव्यांनीं त्यांस धीर दिला अशी त्या लोकांची परंपरा सांगते.

मंगळूर येथेंच 1907 सालीं श्री. जोसेफ साल्ढाणा यांनीं हस्तलिखितें ताडून हा ग्रंथ पुन्हां छापला. तोही रोमन अक्षरांतच. पुढें 1920 नंतरच्या दशकांत अमेरिकन मिशनचे विद्वान् जस्टिन अॅबट यांना लंडनमध्यें, मार्सडेन नांवाच्या गृहस्थाच्या संग्रहांत, या ग्रंथाची देवनागरी प्रत आढळली. आणि पुण्याच्या श्री. शांताराम बंडेलू यांनीं 1956 सालीं संपूर्ण ख्रिस्तपुराण देवनागरींत छापलें. फादर कारिदाद द्रागो यांची आवृत्ति 1996 सालीं निघाली. ज्या खिळ्यांसाठीं 1608 सालीं अर्ज गेला होता, ते पहिल्या छपाईनंतर 340 वर्षांनीं त्या ग्रंथाच्या वांट्यास आले. आणि ते आणले पुण्याच्या एका संपादकानें.

आमचें एक काम राहिलें आहे. येत्या उपासकाळांत दर रविवारीं संध्याकाळीं, क्रुसाच्या वाटेच्या भक्तीनंतर, 'दुसऱ्या पुराणां'तील प्रभूच्या दुःखसहनाचे अवस्वरू वाचावयाचे, असें आम्हीं धर्मग्राम-मंडळाच्या संमतीनें ठरविलें आहे. ओवी चालीवर म्हणावयाची आहे, धड्यासारखी वाचावयाची नाहीं. ज्या आजीबाईंस जात्यावरची चाल अजून येते, त्यांनीं आपल्या नातवंडांस घेऊन यावें. मुलांच्या मराठी वाचनाची फार चिंता करूं नये, अडलेला शब्द आम्ही सांगूं. वाचणाऱ्यांनीं आपलीं नांवें राखेच्या बुधवारापूर्वीं मिस्सेनंतर सांक्रिस्तींत नोंदवावींत. पुस्तकाची प्रत एकच आहे, ती घरीं नेतां येणार नाहीं.